एकटा सतरा नंबर

बाबू आंब्याच्या कलमावरून पडला, त्या संध्याकाळी मालगुंडच्या त्या बागेत त्याला शोधायला कोणी गेलंच नाही. "गेला असेल घरी," म्हणाले सगळे. अहो, घरी गेला असता तर घरच्यांनी वाट कशाला बघितली असती? सकाळी सापडला, तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्याची लेक नम्रता कॉम्प्युटर शिकलेली. तिनं हट्टानं बागेच्या फाटकाशी यंत्र बसवलं. आत जाताना कार्ड टेकवायचं, बाहेर येताना पुन्हा. नंबर एकामागोमाग व्हेक्टरमध्ये, म्हणजे एका ओळीत, बसत जायचे. परतलेल्याचा नंबर दोनदा दिसणार. एकदाच दिसला, तो अजून आत. प्रोग्राम ते एकटे नंबर शोधायचा आणि ओळीतली त्यांची जागाही सांगायचा. जागेवरून कळायचं, तो कोणाच्या मागोमाग गेला, कुठल्या अंगाला असेल.

पहिल्याच संध्याकाळी पडद्यावर उमटलं: नंबर सतरा, जागा पहिली.

नम्रताच्या अंगावर सर्रकन काटा आला. सतरा बाबांचा नंबर! जुन्या हजेरीवरून कार्डं छापताना त्यांचंही निघालं होतं. फाडवेना, म्हणून तिनं ते फाटकाच्या खिळ्याला अडकवलं होतं. प्रोग्राम तपासला. चूक नाही. दुसऱ्या दिवशीही तेच.

शेवटी मुकादम रावजीकाकांनी कबूल केलं. "ते कार्ड मीच लावतो गो. बागेच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालतो, मग बाबूला पुढं घालतो. तो आता बागेतलाच. त्याला सोडून आत शिरायचं कसं?"

नम्रता चिडली, रडली. पण म्हातारा ऐकतोय कसला! सतरा नंबर प्रोग्राममधून काढून टाकावा असं तिच्या मनात रोज यायचं, हात मात्र धजायचा नाही. रोज तिन्हीसांजेला 'बाबा आत आहेत' असं वाचायचं आणि मशीन बंद करून घरी जायचं. बापाला पुन्हा तिथंच टाकून चाललोय, असं वाटून जीव नुसता तुटायचा.

मग एका संध्याकाळी पडदा कोराच. आत कोणी नाही.

"सुटले बाबा," ती पुटपुटली, आणि मशीन बंद करता करता थांबली. काका बाबांना फक्त आत घालतात. बाहेर कोणी आणलं?

तिनं ओळीत सतरा शोधला. दोनदा होता. एकदा पहिल्या जागी, आणि एकदा सकाळीच, संदेश गड्याच्या नंबरामागोमाग. म्हणजे त्या कार्डावर कोणीतरी जिवंत माणूस आत गेला होता!

संदेश टेम्पोत आंब्याचे क्रेट चढवत होता. "तुझ्या मागून कोण आलं होतं रे?"

"शिवा. कड्याकडच्या कलमांवर होता. गेला असेल घरी."

तेच शब्द! नम्रता धावत सुटली, मागून काका आणि संदेश.

कड्याच्या टोकाला, कलमाखाली शिवा पडला होता. पाय मोडलेला, हाका मारून घसा बसलेला, पण जिवंत. "कार्ड घरी विसरलो," तो कसाबसा बोलला, "खिळ्यावरचं घेतलं." बाबांचं कार्ड त्याच्या खिशात होतं.

दुसऱ्या सकाळी काकांच्या आधी नम्रतानंच ते कार्ड यंत्राला टेकवलं. मग प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली: ज्या संध्याकाळी सतरा नंबर एकटा दिसणार नाही, त्या संध्याकाळी भोंगा वाजव.