दुसऱ्याच्या पेशी

मी पेशींवर संशोधन करते असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, कॅन्सरवर का? नाही. मी ज्या आजारावर काम करते तो फार थोड्या मुलांना होतो, आणि त्याचं नाव आईबापांना महिनोन् महिने नीट घेता येत नाही. आपल्या प्रत्येक पेशीत चरबीची ने-आण करणारी एक व्यवस्था असते. ह्या मुलांमध्ये तिच्यातलं एक प्रथिन जन्मापासूनच बिघडलेलं असतं. चरबी बाहेर पडत नाही, पेशीतच साठत राहते, आणि सगळ्यात जास्त हाल मेंदूतल्या पेशींचे होतात. मूल चालताना पडायला लागतं. मग अक्षर बिघडतं, मग बोलणं, मग गिळणं.

मेंदूतल्या पेशी काही मागून मिळत नाहीत. म्हणून आम्ही दंडावरची मसुराच्या डाळीएवढी त्वचा घेतो. ती फ्लास्कमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या चपट्या बाटलीत, गुलाबी द्रवाखाली ठेवली की दोन-तीन आठवड्यांत तिच्या कडेने पेशी सरपटत बाहेर येतात, वाढतात. आजार त्यांच्यातही असतो. त्यांच्यावर आम्ही औषधं करून बघतो.

तर एके दिवशी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचा फोन आला. ‘एक कुटुंब आहे, मराठी आहे. संमतीचा फॉर्म हिंदी-इंग्रजीत आहे, वडिलांना खूप प्रश्न आहेत. तुम्ही येऊन बोलाल का?’ माझं घर दिल्लीत, मयूर विहारला, लॅब हॉस्पिटलच्या जवळच. मी गेले.

वडील मूळचे यवतमाळकडचे. कस्तुरबा गांधी मार्गावर एका सरकारी कार्यालयात नोकरी, घर गाझियाबादला. फॉर्म त्यांनी फायलीतल्या कागदासारखा वाचला होता, पेन्सिलीने बारीक खुणा करून. बाजूला त्यांची पत्नी आणि अकरा वर्षांची मुलगी. मुलगी भिंतीला धरून उभी होती, कारण व्हीलचेअरमध्ये बसायला तिला आवडत नव्हतं.

‘मॅडम, ह्यातून हिला काय मिळणार?’ त्यांनी विचारलं.

‘हिला काही नाही,’ मी म्हणाले. ‘पुढे कधीतरी दुसऱ्या मुलांना मिळेल. तेही कदाचित.’

‘म्हणजे दान,’ ते म्हणाले आणि सही केली. मग पेनाला टोपण लावता लावता म्हणाले, ‘आम्हाला बघायला मिळेल का पण? ह्या पेशी?’

‘केव्हाही या,’ मी म्हणाले.

त्या दिवशी मी खरं बोलले होते, हे मुद्दाम लिहून ठेवते. जाताना ते म्हणाले, ‘आपल्या भाषेत सांगणारं कोणी भेटलं, बरं वाटलं ताई.’ मॅडमची ताई मी तिथे झाले.

महिन्याभराने ते मुलीला घेऊन खरंच आले. व्हीलचेअर लॅबच्या दारातून आत येईना, तेव्हा त्यांनी तिला उचलून मायक्रोस्कोपसमोरच्या स्टुलावर बसवलं आणि मागून धरून ठेवलं. मी म्हणाले, ‘बघ, ह्या तुझ्या पेशी.’

‘पेशी म्हणजे?’ तिने विचारलं. शब्द जड, ओढत येत होते. दिल्लीकडे वाढलेली पोर, तिला हा शब्द माहीतच नव्हता.

‘सेल्स, बेटा,’ वडील म्हणाले.

तिने खूप वेळ डोळा लावला. लांबट, टोकदार, एकमेकींना समांतर पहुडलेल्या पेशी. ‘मेरे जैसी तो बिल्कुल नहीं दिखती,’ ती म्हणाली आणि हसली. आम्ही सगळेच हसलो. माझी पीएचडीची विद्यार्थिनी, पाटण्याची मुलगी, सगळ्यात मोठ्याने हसली.

पोरीचं म्हणणं एका अर्थी बरोबरच होतं. साध्या मायक्रोस्कोपखाली आजारी माणसाच्या आणि निरोगी माणसाच्या त्वचेच्या पेशी सारख्याच दिसतात. साठलेली चरबी बघायची तर पेशी आधी मारून, एका खास रंगात बुडवाव्या लागतात. मग अंधाऱ्या खोलीत तो निळा ढीग चमकतो. पण जिवंत असताना काही कळत नाही. मलाही नाही.

वडील त्यानंतर दोनदा आले, एकटेच, ऑफिसमधून हाफ डे टाकून. दहा मिनिटं बघायचे, आभार मानायचे, जायचे. दुसऱ्या खेपेला मी थोडी वैतागले होते, कारण त्यांच्यासाठी फ्लास्क बाहेर काढून ठेवावा लागायचा. तेवढ्यासाठीसुद्धा वैतागले होते.

ह्या पेशी कायम वाढत राहत नाहीत. काही पिढ्यांनंतर त्या थकतात, थांबतात. म्हणून सुरुवातीलाच त्यांच्या छोट्या कुप्या भरून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात. तिच्या आठ कुप्या होत्या. कामात एकेक वितळवत आम्ही दोनवर आलो. तेव्हा आमचा शोधनिबंध एका जर्नलकडे गेला होता आणि परीक्षकांनी आणखी दोन प्रयोग मागितले होते. मुदत जवळ आली होती. पेशी कमी पडू नयेत म्हणून मी दोन्ही कुप्या एकदम काढायला सांगितल्या.

‘मॅम, एक रख लेते हैं,’ विद्यार्थिनी म्हणाली.

‘यार, टाइम नहीं है,’ मी म्हणाले. ‘बढ़ जाएँ तो वापस फ्रीज कर लेंगे.’

ऑगस्ट होता. हवा चिकट, एसीच्या जाळीवर ओल. प्रयोग झाले, आकडे चांगले आले. उरलेल्या पेशी गोठवायच्या आधीच्या सोमवारी इन्क्युबेटर, म्हणजे पेशींचं उबदार कपाट, उघडला तर प्रत्येक फ्लास्कमध्ये पांढरा कापूस तरंगत होता. बुरशी. अशा वेळी वाचवायला काही नसतं. सगळे फ्लास्क ब्लीचने भरायचे आणि टाकून द्यायचे. विद्यार्थिनीने ते एकटीने केलं. मी मदतीलाही उभी राहिले नाही, ऑफिसात जाऊन परीक्षकांना उत्तर लिहीत बसले.

मुलीची त्वचा पुन्हा मागता आली असती. पण तोपर्यंत तिला नळीने भरवत होते, आणि त्या घरात पुन्हा कसली सुई मागायची हिंमत मला झाली नाही. वडिलांना निदान कळवायला हवं होतं. आज कळवू, निबंध छापून आला की कळवू, असं करत मी दिवाळी घालवली, नाताळ घालवला.

फेब्रुवारीत ती गेली. फोनवर वडिलांचा आवाज अगदी सरळ होता, ऑफिसचा निरोप द्यावा तसा. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचं कार्ड त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलं. गाझियाबादला जायला मेट्रो आहे, रविवार होता, मला कसलंही काम नव्हतं. मी गेले नाही. मीटिंग आहे असं कळवलं.

एप्रिलमध्ये परत त्यांचा फोन आला.

‘ताई, एक विचारायचं होतं. तिच्या पेशी आहेत ना अजून तुमच्याकडे? जिवंत?’

मी क्षणभर थांबले. तो क्षण मला अजून आठवतो, कारण तो चांगला लांब होता. त्यात ‘नाही’ म्हणायला पुरेशी जागा होती.

‘आहेत,’ मी म्हणाले.

‘तिच्या आईला एकदा बघायच्यात. हिने कधी पाहिल्या नाहीत ना. येऊ का?’

‘या.’

ते गेटवर पोचल्याचं कळलं तेव्हा मी विद्यार्थिनीला एक फ्लास्क बाहेर काढून ठेवायला सांगितला. तुलनेसाठी आम्ही निरोगी लोकांच्या पेशीही वाढवतो, त्यांना कंट्रोल म्हणतो. तिने फ्लास्कवरचं मार्करचं अक्षर माझ्यासमोर धरलं. ‘मॅम, ये तो कंट्रोल है.’

‘पता है,’ मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग फ्लास्क मायक्रोस्कोपशेजारी ठेवला आणि खोलीबाहेर गेली. अक्षर मी स्वतः स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं.

आई पहिल्यांदाच लॅबमध्ये येत होती. इस्त्रीची साडी, केस घट्ट बांधलेले, एखाद्या शाळेत मीटिंगला जावं तशी. मी फोकस लावून दिला. ती वाकली आणि हललीच नाही. वडील आणि मी मागे उभे. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, ‘हलत नाहीत?’

‘हलतात, पण फार हळू. आपल्याला दिसत नाही.’

‘हात लावता येईल?’

आत हात घालता येत नाही, पण फ्लास्क धरता येतो. मी तो तिच्या तळहातावर ठेवला. इन्क्युबेटर शरीराच्या तापमानाला असतो. ‘अहो, कोमट आहे,’ ती नवऱ्याला म्हणाली, आणि मग जमिनीवर बसली. रडली नाही. फ्लास्क दोन्ही हातांत धरून नुसती बसली. वडील तिच्या शेजारी गुडघ्यावर बसले आणि त्यांनी फ्लास्कवर आपलाही हात ठेवला. त्यात तिशीतल्या एका धडधाकट माणसाच्या पेशी होत्या.

मी दया केली असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पुढचे कित्येक महिने सांगत राहिले. खरं म्हणजे मला त्यांच्यासमोर ‘माझ्या घाईने गेल्या’ हे वाक्य उच्चारायचं नव्हतं, एवढंच. दुःखात असलेल्या माणसांना दिलासा देण्यासाठी मी खोटं बोलले नाही, स्वतःची मान वाचवायला बोलले. विद्यार्थिनीला ते त्याच दिवशी कळलं होतं. ती माझ्याशी पूर्वीसारखीच वागली, प्रबंध पूर्ण केला, दुसऱ्या शहरात गेली. जाताना मी तिला म्हटलं, त्या दिवसाबद्दल काही बोलायचं असेल तर बोल. ती म्हणाली, ‘आप बता देतीं तो वो समझ जाते, मॅम.’ एवढंच. पाया पडली आणि गेली.

पुढच्या वर्षी मुलीच्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी वडिलांचा फोन आला. ‘त्या दिवशी येऊ का आम्ही? हिची फार इच्छा आहे.’

आता दुसऱ्यांदा तेच करायचं की खरं सांगायचं. मी म्हणाले, ‘दादा, मीच तुम्हाला भेटायला येते. एकटीच.’

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या अतिथिगृहाच्या उपाहारगृहात आम्ही दुपारी भेटलो. लंचची वेळ, आजूबाजूला मराठी बोलणं, ताटांचा आवाज. त्यांनी माझ्यासाठी पोहे आणि चहा आधीच मागवून ठेवला होता. मी एका दमात सांगितलं. कुप्या, घाई, बुरशी, फ्लास्क, पुसलेलं अक्षर. वेगळ्या शब्दांत मऊ करून सांगायचं नाही असं ठरवलं होतं, तेवढं पाळलं.

माझं संपल्यावर ते म्हणाले, ‘मग त्या कोणाच्या होत्या?’

‘एका निरोगी माणसाच्या.’

‘माणसाच्या? म्हणजे पुरुषाच्या?’

‘हो.’

त्यांनी मान हलवली. मग खिडकीतून रस्त्याकडे बघत म्हणाले, ‘ही रोज सांगते लोकांना. शेजारी, नातेवाइकांना, गावी फोन करून. की मी तिला हातात घेतलं.’

‘मी येऊन सांगते वहिनींना,’ मी म्हणाले.

‘नाही,’ ते पटकन म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाने वळून पाहिलं. ‘तिला नका सांगू. मी सांगतो, लॅब शिफ्ट होतेय, आता येऊ देत नाहीत. मी बघतो काय ते.’

‘दादा, मला माफ—’

‘तुम्ही मला का सांगितलं, ताई?’

त्यांचा तो प्रश्न रागाचा नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी काहीतरी म्हणाले, सत्य वगैरे. ते ऐकून घेतलं त्यांनी. चहा संपवला, माझी प्लेट आपल्या प्लेटवर ठेवली, दोन्ही नेऊन दिल्या, आणि मला मेट्रोच्या जिन्यापर्यंत सोडायला आले. फोन त्यानंतर कधी आला नाही.

मी हलकी झाले होते, हे मी लपवणार नाही. मेट्रोत बसतानाच मला ते जाणवलं आणि जाणवल्याक्षणी लाज वाटली. आतापर्यंत ते खोटं माझं एकटीचं होतं. आता रोज संध्याकाळी घरी जाऊन ते त्यांना सांभाळायचं होतं, बायकोच्या चेहऱ्याकडे बघत. खरं बोलायची वेळ एकच होती, एप्रिलमधल्या त्या फोनची, आणि ती मी घालवली होती. नंतर जे बोलले ते खरं होतं, पण ते मी माझ्यासाठी बोलले.

गेल्या हिवाळ्यात हॉस्पिटलच्या ओपीडीत ती आई मला दिसली. आता ती ह्या आजाराच्या मुलांच्या घरच्यांना भेटते, कुठली तपासणी कुठे होते, फॉर्म कसा भरायचा ते सांगते. तिच्याजवळ मेरठहून आलेली एक बाई बसली होती, मांडीवर चार वर्षांचा मुलगा, आणि समोर आमचाच संमतीचा फॉर्म.

‘दे दीजिए,’ ती तिला समजावत होती. ‘वहाँ बहुत सँभालकर रखते हैं. मैंने खुद देखा है.’ मग मला पाहून तिचा चेहरा उजळला. ‘ह्याच त्या ताई,’ ती उठत म्हणाली. ‘ताई, ह्याच्यापण ठेवाल ना नीट?’

मी त्या मेरठच्या बाईला बाजूला बसवून हिंदीत सगळं समजावलं. पेशी मरू शकतात, हरवू शकतात, आमच्या हातून चुका होतात, तुमच्या मुलाला ह्यातून काही मिळणार नाही. तिने सगळं ऐकलं आणि सही केली. सही करताना ती माझ्याकडे बघत नव्हती. ती पलीकडे बाकावर बसलेल्या त्या आईकडे बघत होती.

त्या मुलाच्या दहा कुप्या आम्ही गोठवल्या. पाच आमच्याकडे, पाच शहराच्या दुसऱ्या टोकाला एका सहकाऱ्याच्या टाकीत, आणि शेवटच्या दोन कुणीही, मीसुद्धा, काढायच्या नाहीत असं वहीत माझ्या सहीने लिहिलेलं आहे. एवढं मी आता करते. त्या आईला मात्र मी काही सांगितलेलं नाही. दादांनी नको म्हटलं म्हणून, असं मी म्हणते.