कपाळावरचं तेल

बाळंतिणींच्या वॉर्डातल्या या नर्सला सगळे भिंगरी म्हणत. डॉक्टर तोंडावर म्हणत, आया पाठीमागे, आणि नवरा दोन्हीकडून. तिला बसून जेवताना कुणी पाहिलं नव्हतं. घास तोंडात आणि डोळा दारावर. नवरा वायरमन. तो म्हणायचा, "हिच्या पायाला वायर जोडली ना, तर गल्लीतले सगळे दिवे फुकट पेटतील." अर्धी वस्ती तिच्या हातावर जन्मलेली. रस्त्यात एखादा मिशाळ बाप्या दिसला की खुशाल म्हणायची, "हा पायाकडून आला होता. अजून उलटाच चालतो मेला."

हात चपळ, जीभ तिखट. पण एका बाबतीत बाई फार काटेकोर. प्रसूतीच्या खोलीतल्या ट्रॉलीवर उजव्या कोपऱ्यात उकळून गार केलेल्या पाण्याची छोटी बाटली असायचीच. ती दवाखान्याची नव्हे, तिची. ख्रिस्ती घरातलं मूल जन्मतःच जायला लागलं आणि फादरना बोलवायला वेळ नसला, तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. कपाळावर तीनदा पाणी घालायचं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचं नाव घ्यायचं. पाणी मात्र खरं हवं. दूध चालत नाही, रस चालत नाही, तेल चालत नाही. हे तिच्याकडून लहानपणीच घोकून घेतलेलं. अशी किती इवली कपाळं तिनं ओली केली, त्याची तिलाही मोजदाद नव्हती.

बेकरीत पीठ मळणारी एक तरुण बाई दिवस भरायच्या आत कळा घेऊन आली, ती भरदुपारी. मुलगी झाली. मूठभर जीव. डॉक्टर कोपऱ्यातल्या टेबलापाशी तिच्यात श्वास भरत राहिले, आणि इकडून आईनं हंबरडा फोडला, "सिस्टर, बाप्तिस्मा द्या हो तिला!" भिंगरीचा हात न बघताच ट्रॉलीच्या उजव्या कोपऱ्यात गेला. झाकण उडालं, तीनदा कपाळावर ओतून झालं, नावं घेऊन झाली. थोड्या वेळानं डॉक्टरांचे हात थांबले.

"सिस्टर, पाणी घातलंत ना?"

"घातलं गं राणी. घातलं."

मग ती हात धुवायला गेली, तर पाणी हाताला लागेचना. थेंब थेंब होऊन बोटांवरून घरंगळायला लागलं. तिनं हात हुंगला. तेल! बाळांना चोळायचं, पाण्यासारखं नितळ तेल. सकाळी ट्रॉली पुसताना नव्या आयानं बाटल्यांची अदलाबदल केली होती, आणि घाईत हिच्या हाताला पातळ-दाट काही कळलं नव्हतं.

तेव्हापासून आधीच न बसणाऱ्या बाईची पार पिसाट गत झाली. जिना चढून वर जायची आणि कशाला आलो ते विसरून खाली यायची. घासलेली कढई पुन्हा घासायची. नवरा म्हणाला, "अगं, त्या कढईला भोक पाडून सासरी धाडायचीय का? काय झालंय ते सांग तरी." ती म्हणाली, "काही नाही. तुम्ही तुमच्या वायरी बघा."

सांगणार काय? ते मूठभर पोर देवाच्या दारात उभं आहे आणि आतून विचारणा होते आहे, पाणी कुठंय, असं तिच्या मनात यायचं. छे, देव असा असेल? असा नसेल, तर मग पाण्याचा एवढा आग्रह कशाला? एक विचार झोपवावा, तर दुसरा उठून बसायचा.

त्यात बेकरीवाली वॉर्डाच्या दारात येऊन उभी राहिली. ओली बाळंतीण, डोक्याला रुमाल, अंगावर पीठ. म्हणाली, "येत्या रविवारी पोरीसाठी चर्चमध्ये मिस्सा, प्रार्थना ठेवलीय. तुम्ही माझ्या शेजारी उभं राहायचं. पाणी तुम्ही घातलंत, तर धर्ममाता तुम्हीच. तेवढ्या एका गोष्टीवर मी जगतेय बघा."

भिंगरीनं कसंबसं हो म्हटलं आणि कामाची पाळी सुटताच तडक फादरकडे गेली.

फादर ओट्यावर बुटांना पॉलिश करत बसले होते. तिनं उभ्याउभ्याच सगळं ओकून टाकलं. फादरांनी ब्रश खाली ठेवला.

"वेडी आहेस का? देव काय औषधाच्या दुकानातला नोकर आहे? चिठ्ठीवर पाणी लिहिलंय, हे तेल आहे, परत घेऊन जा म्हणायला?"

"मग पाणीच हवं असं आम्हाला घोकायला लावलं कुणी?"

"नियम आपल्यासाठी गं. आपण बांधलेले, देव बांधलेला नाही. चर्चची शिकवणच आहे तशी."

"म्हणजे त्याच्या प्रेमाला अट नाही?"

"नाही."

"मग बाप्तिस्मा तरी कशाला?"

फादर जरा वैतागले. "तू पोरं जन्माला आणतेस. आंघोळ घातल्याशिवाय आई पोराला जवळ घेत नाही काय?"

"घेते. रक्ताचिखलासकट घेते. मीच ठेवते तिच्या छातीवर."

"झालं तर! म्हणून आंघोळ नको म्हणते का कुणी?"

ती जायला निघाली. पण पटलं नव्हतं. फाटकाशी जाऊन पुन्हा वळली. "पोरीच्या आईला सांगू?"

"कशाला? दुखऱ्या जागेवर बोट का ठेवतेस? तिला समाधान आहे, राहू दे."

"ते समाधान माझ्या बाटलीवर उभं आहे, फादर. देवावर नाही."

फादरांचा एकच बूट चमकत होता. दुसरा तसाच पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेकरीच्या मागच्या दारानं आत शिरली. लांब टेबलावर पिठाचा केवढातरी गोळा, आणि त्यात कोपरापर्यंत बुडालेली ती बाई.

"सिस्टर? रविवार उद्या आहे."

"माहीत आहे. मी उभी राहीन की नाही, ते तू ऐकून ठरव." भिंगरी एका दमात बोलून गेली, "त्या बाटलीत पाणी नव्हतं. तेल होतं. मला नंतर कळलं. घातलं असं तुला म्हणाले, तेव्हा मला पाणीच वाटत होतं."

बाईचे हात थांबले. मग तिनं गोळा उचलून टेबलावर असा आपटला की डबे हादरले.

"मग माझी पोर कुठंय?"

"फादर म्हणतात देवाजवळ. त्याच्या प्रेमाला अट नाही म्हणतात."

"फादर म्हणतात! तुम्ही काय म्हणता?"

"मलाही तसंच वाटतं. म्हणूनच सांगायला आले. पण छातीवर हात ठेवून सांग म्हणशील, तर हात तिथवर जात नाही बाई. खोटं कशाला बोलू?"

आता शिव्या येणार म्हणून भिंगरीनं मान खाली घातली.

"कसलं तेल?"

"बाळांना चोळतात ते."

"गार होतं?"

"नाही. खोली उबदार होती ना. कोमट असेल."

"कपाळावरच?"

"कपाळावर. मग ओघळलं. कानामागं गेलं, मानेत गेलं. मी बोटानं टिपलं."

"टिपलंत म्हणजे... चोळलंत?"

"चोळल्यासारखंच झालं."

बाईचा ओठ वाकडा झाला. "मला एकदा तरी तेल लावायचं होतं हो तिला. एकदाच. आणि ते तुम्ही..." पुढचं तिला बोलता येईना. पिठाचा हात तिनं तसाच तोंडावर दाबला.

भिंगरी पुढं झाली, तशी ती ओरडली, "हात नका लावू मला! उद्या या. उभं राहायचं, टाळायचं नाही. आणि फादरनी देवाचं जे काही सांगितलं ना, ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय, सगळ्यांसमोर. आता जा. मालक यायच्या आत मला जरा रडू दे."

"आणि हे पीठ?"

"जाऊ दे खड्ड्यात!"

"वाळून जाईल गं."

ती भिंतीकडे तोंड करून रडत राहिली. भिंगरीनं खुंटीवरचा एप्रन काढून बांधला, टेबलाशी उभी राहिली आणि गोळा पुढ्यात ओढला. मळायचं कसं ते तिला धड येत नव्हतं. रडता रडता मागून आवाज आला, "बोटांनी नव्हे, तळव्यानं. जोर लावा."