माडीवाल्याचा मुलगा मोंबासात

रेवसच्या धक्क्याला मुंबईची लाँच लागली तेव्हा आईने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "तिकडं पोलीस पकडत न्हाईत ना रे?"

"न्हाय," मी म्हणालो. पण मला तरी कुठे ठाऊक होतं?

आम्ही अलिबागजवळच्या थळचे. बाबा बागाईतदारांच्या माडांवर चढून माडी काढायचे. आजोबाही तेच करायचे. स्वातंत्र्य आलं आणि मागोमाग दारूबंदी आली. सकाळी उघड विकली जाणारी माडी गुन्हा झाली. बाबा त्याच माडांवर चढत राहिले, पण नुसते नारळ पाडायला. अशात आफ्रिकेच्या बोटीवर काम करणारे दामूकाका निरोप घेऊन आले. मोंबासाच्या एका हॉटेलात, बारमध्ये माणूस हवा होता. बार म्हणजे काय ते त्यांनी आईला सांगितलं, "सायबांना दारू ओतून द्यायची. पगार मिळतो." आईला वाटलं ते थट्टा करताहेत. बाबा एवढंच म्हणाले, "कोणी इचारलं तर हाटेलात हाय म्हणायचं. पुढचं सांगू नको."

तुमच्यापैकी जे बोटीने गेले त्यांना ती अवस्था माहीत आहे. पाय नव्या जमिनीवर असतात आणि मनातले कायदे जुन्या गावाचे.

हॉटेलचा मुख्य बारमन पास्कल गोव्याचा होता. त्याने मला काउंटरसमोर उभं केलं. "दारूतलं काय येतं तुला?"

बाटल्यांवरचं एकही नाव मला वाचता येत नव्हतं. "बाबा माडी काढायचे," मी म्हणालो.

तो हसेल असं वाटलं होतं. "माझा बापही तेच करायचा," तो म्हणाला. "मग पिणाऱ्याशी भांडायचं नसतं, हे तुला शिकवायला नको. उद्यापासून ये."

पांढरा कोट मिळाला, गळ्यात काळा बो आला. जिन, टॉनिक, पेग, बर्फ, सगळं हाताला कळलं. डोक्याला कळायला वेळ लागला. पहिल्याच आठवड्यात एक गोरा पोलीस अंमलदार आत आला आणि मी हातातली बाटली झटकन काउंटरखाली लपवली. त्याला बिअर हवी होती. पास्कल हसून हसून भिंतीला टेकला. मीही हसलो, पण बाटली वर ठेवताना एकदा दाराकडे पाहून घेतलं.

काही वर्षांनी लग्नासाठी थळला गेलो. मुलगी चौलची, सुमन. तिचे वडील आमच्यासारखेच, माडांवरच आयुष्य काढलेले. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "तिकडं काय करता?"

"हाटेलात हाय," बाबा घाईने म्हणाले.

"हाटेलात काय?"

बाबा माझ्याकडे पाहू लागले. मला खोटं बोलवेना. "बारमध्ये आहे. दारू देतो लोकांना."

सुमनच्या वडिलांनी कप ओसरीवर ठेवला. मग म्हातारा म्हणाला, "माझ्या थोरल्यानं घरच्या माडाची माडी काढली, तर तो अलिबागच्या जेलात जाऊन आला. तुम्ही परदेशात दारू देता, तर तुम्ही पोरगी बघायला आलात. ह्यात चोर कोण नि साव कोण, ते मला समजावून सांगा."

बाबांनी टोपी उचलली. आम्ही उठलोच होतो, इतक्यात आतून सुमन दारात आली आणि म्हणाली, "खरं सांगितलं त्यांनी. मला पसंत हाय." म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. रागावावं की नाही, हे त्यालाही ठरवता येत नव्हतं. लग्न झालं. निरोप देताना त्याने माझा हात धरला.

सुमन मोंबासाला आली. एका रविवारी तिला शहराबाहेरच्या किनाऱ्यावर नेलं. तिथे इथलाच एक माणूस माडावरून उतरत होता, कमरेला माडीने भरलेला भोपळा बांधलेला. ती थबकली आणि मागे वळून रस्ता पाहू लागली. कोणाला शोधतेय ते मला विचारावं लागलं नाही. त्या माणसाने आम्हाला करवंटीतून माडी दिली. सुमनने घोट घेतला. "आपल्यापेक्षा गोड हाय," ती म्हणाली. पुन्हा घेतला. "न्हाय, तशीच हाय." मग तिचे डोळे भरून आले. "मला आठवतच न्हाय आपली कशी होती."

मी चव घेतली. मलाही आठवेना.

आता इथेही स्वातंत्र्य आलंय. इथलं नागरिक व्हायचं की हिंदुस्थानचंच राहायचं, हे आम्हाला ठरवायचं आहे. पास्कल विचारतो, शेजारी विचारतात, थळहून आलेला प्रत्येक माणूस विचारतो. मी एक दिवस एक सांगतो, दुसऱ्या दिवशी दुसरं. बाबा गेले, आई भावाकडे आहे, आणि थळला गेलो की मी पाहुणा असतो. पण त्या रविवारी दुपारी आम्ही दोघं माडाखाली वाळूत बसून राहिलो, गोड की तशीच, यावर वाद घालत. चौल आणि थळ दोन्ही ठाऊक असलेलं दुसरं कोणी त्या किनाऱ्यावर नव्हतं. तेवढ्या वेळापुरतं मला परत कुठे जायचं नव्हतं.