रोवणीतली राणी

तुलसाला इतिहासाचं वेड होतं. तिरोड्याजवळच्या एका गावात पाटलाच्या घरी लग्न होऊन आली तेव्हापासून वाचनालयातल्या बखरी, चरित्रं आणि राजाराण्यांच्या कादंबऱ्या तिनं दोन-दोनदा वाचल्या होत्या. रोवणीच्या दिवसांत त्याचं चीज व्हायचं. पाणी भरलेल्या बांधीत चिखलात वाकून, मागं मागं सरकत धानाची रोपं, पऱ्हे, लावताना ती लढाया सांगायची, सनावळीसकट. तिच्या बाजूची जागा मिळावी म्हणून बाया भांडायच्या. घरात कुणी तिचं ऐको न ऐको, बांधीत ऐकत होतं.

धाकटी जाऊ ओमेश्वरी हिला पहिलं पुस्तक तुलसानंच दिलं होतं. "वाच, जरा वळण लागंल," म्हणाली होती.

यंदा रोवणीत तुलसा तापानं घरी पडली आणि तिच्याऐवजी ओमेश्वरीनं गोष्ट सुरू केली. माळव्यातल्या एका गढीच्या जसकुंवर राणीची, वाचनालयात नव्यानंच आलेल्या दोन भागांतल्या कादंबरीतली. बरी होऊन तुलसा बांधीत आली, तर सगळी रांग ओमेश्वरीच्या टोकाला सरकलेली. ओमेश्वरीला एक सन धड सांगता येत नव्हता. पण राणीची सासू दुधावरची साय कशी मोजून ठेवायची, हे ती असं सांगायची की बाया हसून चिखलात बसायच्या. तुलसाच्या बाजूला बहिरी सुशिलाबाई तेवढी उरली होती.

त्याच संध्याकाळी तुलसानं कादंबरीचा दुसरा भाग वाचनालयातून आणला, रात्रीतून शेवटापर्यंत वाचला आणि तांदळाच्या कोठीमागं ठेवला. ओमेश्वरीनं विचारलं तेव्हा म्हणाली, "कोनी तरी नेला म्हने. आता रोवणी सरेपर्यंत भेटत नाई."

तिला वाटलं, गोष्ट अडेल. मग येतील माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी गोष्टीत राणीच्या गढीला वेढा पडला, तिथं पहिला भाग संपला आणि ओमेश्वरी थांबली. रांगेतली शामकला म्हणाली, "काऊन थांबली वो? रानी मेली का?"

"मरते कायले?" ओमेश्वरीनं पऱ्ह्यांची पेंडी सोडली. "रानीनं मोलकरणीचं लुगडं नेसलं, गढीच्या मागच्या दारानं निघाली. खाली बांधीत रोवणी चालू होती. गेली अन् वाकली रांगेत. शिपाई बांधीच्या कडंला धुऱ्यावर उभे. रानीचा चेहरा शोधून राहिले, अन् दिसून राहिल्या नुसत्या पाठी!"

बांधीभर हशा उठला. तुलसाच्या अंगाची आग झाली. "माळव्यात रोवणी कुठून आली?" ती ओरडली. "तिकडं गहू होते, गहू!"

"मंग इकडंच आली असंल पळून," शामकला म्हणाली. "तुमचे पूर्वज नाई आले का माळव्यातून, पाटलीनबाई? त्याइच्या संगं आली असंल."

"कोनाच्या संगं आली नाई! बुरजावरून उडी मारते ती. शेवटच्या पानावर मरते!"

हशा थांबला. ओमेश्वरी कमरेवर हात देऊन उभी राहिली. "दीदी, दुसरा भाग तर कोनी नेला होता ना?"

तुलसा खाली वाकून पऱ्हे लावू लागली. बहिरी सुशिलाबाईसुद्धा तिच्याकडे बघत होती.

"राहू द्या पाटलीनबाई," शामकला म्हणाली. "तुमची मेलेली तुमच्यापाशी ठेवा. आमची जिती आहे. सांग वो तू."

ओमेश्वरी पुन्हा वाकली. तिचा आवाज थोडा बदलला होता. "तर त्या रांगेत एक बाई होती. तिनं रानीले वळखलं. मागं सरकताना पाय चिखलातून वर आला तवा चमकलेल्या सोन्याच्या जोडव्यावरून. शिपाई तिच्यापाशीच आला अन् म्हने, कोनी नवीन आलं का इथं?"

एवढं बोलून ती पऱ्हे लावू लागली. तुलसानं हात आवरता घेतला, मागं सरकायचं लांबवलं. सरकली असती तर ओमेश्वरी लांब पडून ऐकू आलं नसतं.

"मंग? सांगितलं का त्या बाईनं?"

सगळ्या माना वळल्या. विचारणारी तुलसाच होती.

"सांगतो ना, दीदी," ओमेश्वरी मान वर न करता म्हणाली. "पहिले तुमची रांग सरळ करा. वाकडी होऊन राहिली."

तुलसानं खाली बघितलं. खरंच वाकडी झाली होती. लावलेले पऱ्हे उपटून ती पुन्हा रोवू लागली. तिला सगळ्यात जास्त चीड याची आली, की पुढचं वाचनालयातून आधी आणून वाचून टाकावं, अशी सोयच नव्हती.