गळ्यापर्यंत बटणं

उद्या विदोसावा चर्चमध्ये मेणबत्ती लावेल आणि भेटेल त्याला सांगेल, की आमच्या दुन्याची छाती उघडायची नाही असं ठरलंय. ही धास्ती काही केल्या मनातून जात नाही. कारण तसं ठरलेलंच नाही. मी तिच्यासमोर नुसती मान हलवली होती.

विदोसावा आमची कुमा. माझ्या लग्नात साक्षीला तीच उभी राहिली, माझ्या मुलीचं, दुन्याचं, नावही तिनेच ठेवलं. इथे सर्बियात, निशमध्ये, कुमाला तोंडावर नाही म्हणत नाहीत.

ती बेकरीत रात्रपाळीला असते. भर जुलैत, भट्टीसमोर, गळ्यापर्यंत बटणं लावून. लहानपणी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, त्याचा व्रण छातीभर आहे. व्रणामुळे नवरा सोडून गेला, असं ती सांगते. बाटलीपायी गेला, असं शेजारी सांगतात.

दुन्याच्या हृदयातल्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे. वाट पाहून ते बुजणार नाही. उजवी बाजू आताच फुगली आहे. मांडीतल्या शिरेतून नळी घालून भोकावर छोटी छत्री बसवता येते. व्रण नाही, लगेच घरी. पण छत्रीला धरायला सगळीकडून कड लागते, आणि दुन्याच्या भोकाला खालच्या बाजूने कडच नाही. छत्री निसटली तर घाईघाईत छाती उघडावी लागेल. बेलग्रेडच्या सर्जनबाईंचं मत, त्यापेक्षा आधीच नीट तयारीने शिवून घ्यावं.

रविवारी जेवताना मी हे सगळं सांगितलं.

"छत्रीच बसवायची," विदोसावा म्हणाली. "मुलीची जात आहे."

"अगं कुमा, कड नाहीये ना."

"पिठाची पारी फाटली तर मी थापून सांधते. एवढ्या शिकलेल्या डॉक्टरांना जमू नये?"

"पाठवू या त्यांना तुझ्या भट्टीवर शिकायला," माझा नवरा नेबोयशा म्हणाला.

ती हसली नाही. "थट्टा सुचतेय तुला! महिनाभर एकटी पडून होते मी तिथे. आई फक्त रविवारी यायची, तीही काचेपलीकडून. मला वाटायचं मी मेलेय, म्हणून ही आत येत नाही."

मी तिला सूप वाढलं आणि मान हलवली. तिने तो होकार धरला.

घर झोपलंय आणि मला तेच आठवतंय. इतकी वर्षं ती व्रण झाकत हिंडली, आणि बोलायला लागली तेव्हा तोंडून व्रण नाही, ती काच निघाली. आता आईला मुलाच्या खाटेशी राहू देतात. हे तिला कुणी सांगितलेलंच नाही, मीसुद्धा नाही.

सकाळी सर्जनबाईंना ऑपरेशनच्या तारखेला होकार कळवायचाय. पण कुमाला हे चर्चच्या दारात दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर ती आमचा उंबरा चढणार नाही. बुरेकच्या भरल्या पाऱ्यांचं पहिलं ताट भट्टीत गेलं, की ती मागच्या दारी सिगारेट ओढते. तेव्हा तिचा फोन खिशात असतो. तिला सांगेन, "कुमा, शिवायचंच ठरलंय. मी आत दुन्याजवळच असेन. पण मलाही कधी डोळा लागेल, तेव्हा खाटेशी तू बस."

नंबर लावतेय.