एज्युकेशनचा रकाना

त्या प्रोग्रॅममध्ये बागेसाठी रकाना होता. कुत्र्या-मांजरांसाठी होता, मोटारीच्या विम्यासाठी होता आणि सुटीत जाऊन राहायच्या घरासाठीही होता. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतल्या आमच्या संसारात यातलं काहीच नव्हतं. तरी ते रकाने एकेक करून पुसताना मला वाटत होतं, की कुणीतरी मोठ्या बंगल्याची किल्ली माझ्या हातात दिली आहे आणि मी तिथे आमचं सामान लावतो आहे. बागेच्या जागी मी इंग्रजी अक्षरांत 'भाजी' लिहिलं. कुत्र्या-मांजरांच्या जागी 'दूध'. मोटारीच्या विम्याच्या जागी 'रेल्वे पास'. सुटीतल्या घराच्या जागी बराच विचार करून 'पाळणाघर' लिहिलं. आमची मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती आणि दिवसाचा मोठा भाग तिथेच असायची.

नव्वदीच्या मधली वर्षं होती. ठाण्याला कोलशेतच्या एका कारखान्यात मी स्टोअर्समध्ये होतो. तिथे कॉम्प्युटर आला, मला शिकवला गेला आणि मला त्याचं वेड लागलं. नौपाड्यातल्या एका दुकानातून मी जुना कॉम्प्युटर घेतला, कारखान्याच्या पतपेढीचं कर्ज काढून. बायकोने एवढंच विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, घरखर्चाच्या हिशेबासाठी. खरं तर तेव्हा असा काही प्रोग्रॅम असतो हेही मला माहीत नव्हतं. ते आधी तोंडातून गेलं आणि मग ते खरं करण्यासाठी मी ऑफिसभर विचारत फिरलो. शेवटी हिशेब खात्यातल्या एकाने फ्लॉपीवर घालून दिला.

आज कुणाला सांगितलं तर हसू येईल, पण त्या यंत्रासमोर मी पहिले काही महिने जवळजवळ हात जोडूनच बसायचो. वर्षाचे बारा महिने आडवे मांडलेले असत, खाली प्रत्येक महिन्याची शिल्लक. एका महिन्यातला एक आकडा बदलला की पुढच्या सगळ्या महिन्यांची शिल्लक बदले. यंत्र जुनं होतं, त्यामुळे ते एका दमात होत नसे. काळ्या पडद्यावर हिरवे आकडे एकामागोमाग एक बदलत जात, समोरच्या इमारतीत संध्याकाळी एकेका घरात दिवा लागत जावा तसे. मी दुधाचा भाव वाढवायचो आणि मार्चपर्यंत ती बातमी पोचेपर्यंत बघत बसायचो. मार्च अजून यायचा होता. त्यात आम्ही काय खाणार, कुठे जाणार, कुणाला माहीत नव्हतं. पण त्या महिन्याच्या अखेरीस आमच्याकडे काय उरणार ते तिथे लिहिलेलं होतं. माझ्या वडिलांना उद्याचं कधी असं दिसलं नव्हतं. मी त्यांच्याहून काही मोठं केलं नव्हतं, तरी मला ते दिसत होतं.

दर रविवारी सकाळी मी आठवड्याचा खर्च भरायचो. बायको माझ्या मागे ओले हात पदराला पुसत उभी राहायची आणि आकडे सांगायची. मी एका बोटाने ते शोधून शोधून दाबायचो. ती फोर्टातल्या एका कंपनीत टायपिस्ट होती. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण तेव्हा ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

एप्रिलमध्ये एका रविवारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने विषय काढला. कल्याणच्या कॉलेजात बी.एड.चा फॉर्म मिळतो आहे. बी.ए. झाल्यापासून तिच्या मनात ते होतं, मला ठाऊक होतं. शेजारची दोन-तीन मुलं संध्याकाळी तिच्याकडे गणितं घेऊन यायची, तेव्हा दिवसभर दमलेल्या तिचा आवाज बदलायचा, हेही मला ठाऊक होतं. एक वर्षाचा प्रश्न आहे, ती म्हणाली. कॉलेज दुपारपर्यंतच असतं, तेवढा वेळ मुलीला शेजारी ठेवता येईल. नोकरी सोडावी लागेल. पण नंतर इथेच एखाद्या शाळेत लागले तर मुलगी डोळ्यांसमोर राहील. मग ती स्वतःच म्हणाली, "तुमच्या त्याच्यात घालून बघा की."

तिचाही विश्वास बसला होता. मीच बसवला होता.

मी जुलैपासून तिच्या पगाराच्या जागी शून्य घातलं. दिवे लागत निघाले. जुलै तरला, ऑगस्ट तरला. सप्टेंबरात आकड्याच्या आधी उणे चिन्ह आलं आणि मग दर महिन्याला तो आकडा वाढत मार्चपर्यंत गेला. ती माझ्या खांद्यावरून बघत होती.

"बरं," ती म्हणाली. "मशीनच नाही म्हणतंय तर राहिलं." आणि घड्या उचलून आत गेली.

मला त्या वेळी काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला हायसं वाटलं. मानपाड्याकडे आणि आमच्या कोलशेतला एकेका कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागत होतं. घरात एकच पगार आणि तो माझा, या कल्पनेचीच मला भीती वाटायची. पण तिला 'नको' म्हणायची माझी छाती नव्हती. यंत्राने माझ्यासाठी 'नाही' म्हटलं आणि मी तिच्याइतकाच बिचारा चेहरा करून बसून राहिलो.

मे महिन्यात पाळणाघर चालवणाऱ्या बाई दरवर्षीप्रमाणे कोकणात गावी गेल्या. दर मेमध्ये आमची ओढाताण व्हायची, त्या वर्षी बायकोने बिनपगारी रजा घेतली. जूनच्या पहिल्या रविवारी मी मेचा सगळा खर्च भरून संपवला. एक पगार नव्हता, तेव्हा शिल्लक पार खड्ड्यात असणार असं धरून मी खाली पाहिलं. उणे चिन्ह होतं, पण पुढचा आकडा अगदीच लहान होता.

मला वाटलं काहीतरी भरायचं राहिलं. मी पुन्हा वरपासून बघत आलो. पाळणाघर शून्य. पास माझा एकट्याचा. भाजीचा खर्च जवळजवळ निम्मा, कारण एरवी आम्ही स्टेशनबाहेर मिळणाऱ्या पिशव्या घ्यायचो: निवडलेली मेथी, चिरलेली फरसबी, सोललेले मटार. घरी येऊन निवडायला वेळ कुणाला होता? महिनाभर ती साधी जुडी आणून निवडत होती. पोळी-भाजी केंद्राचा खर्च शून्य. पाळणाघर बंद व्हायच्या आत पोचण्यासाठी ती स्टेशनपासून रिक्षा करायची, तो शून्य. मुलीच्या औषधाचाही शून्य. तिथल्या मुलांची सर्दी महिनाभर तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. 'इतर'मध्येसुद्धा फरक होता. उशीर झाला की ती मुलीसाठी काहीतरी घेऊन यायची, बिस्किटाचा पुडा, फुगा, आणि उशीर तर रोजच व्हायचा.

एप्रिलमध्ये मी काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं. मी तिचा पगार काढून टाकला होता, पण तो मिळवण्यासाठी होणारा खर्च तसाच ठेवला होता. माझ्या हिशेबात तिने नोकरी सोडली होती, तरी ती पास काढून रोज फोर्टला जात होती, येताना चिरलेली भाजी आणत होती आणि मुलीला घ्यायला रिक्षाने धावत होती. अशी एक बाई मी पुढचं वर्षभर त्या पडद्यावर पळवत ठेवली होती, आणि तिच्यामुळे खरीला नोकरी सोडता येत नव्हती.

यंत्र खोटं बोललं नव्हतं. ज्या शांतपणे त्याने एप्रिलमध्ये 'नाही' म्हटलं होतं, त्याच शांतपणे आता ते दुसरं उत्तर समोर धरून उभं होतं. मला त्याची भीती वाटली. देवळात गेल्यावर लहानपणी वाटायची तशी, आपल्याला बघणारं कुणी आहे अशी.

"मे कसा गेला?" तिने आतून विचारलं.

"ठीक," मी म्हटलं आणि बटण बंद केलं.

फॉर्म भरायची मुदत जवळ आली होती, हे मला माहीत होतं. तरी पुढचे काही दिवस मी कामावर जात-येत राहिलो. रोज ठरवायचो आज सांगू, आणि रोज जेवण होऊन जायचं. मग एका संध्याकाळी घरी आलो तर मुलगी जमिनीवर पोटावर पडून रंगीत खडूने काहीतरी गिरवत होती. वाकून बघितलं. बी.एड.चा फॉर्म होता, तिने केव्हातरी आणून ठेवलेला. पहिल्या पानावर, जिथे उमेदवाराने फोटो लावायचा, तिथे तिने एक लाल गोळा काढून त्याला पाय दिले होते.

"अगं, हा फॉर्म आहे," मी म्हणालो.

"असू दे," बायको म्हणाली. "तिला कागद हवा होता."

तिच्या आवाजात राग असता तर मी कदाचित तेव्हाही गप्प बसलो असतो. तो नव्हता. मी चपलाही न काढता तिथेच सांगितलं. मशीन चुकलं नव्हतं, मी चुकलो, आणि हे मला रविवारपासून माहीत आहे.

 ती हात पुसून कॉम्प्युटरपाशी गेली. मी नेहमीप्रमाणे खुर्ची ओढायला लागलो तर म्हणाली, "मी बसते. तुम्ही आकडे सांगा."

ती बसली. मी मागे उभा राहिलो. मेचे आकडे मी वाचत गेलो आणि ती ते, पासात कल्याणचा धरून, जुलैपासून मार्चपर्यंत भरत गेली. तिची नजर पडद्यावर होती. हातांकडे तिने एकदाही पाहिलं नाही. तिची सगळी बोटं त्या कळांवरून अशी जात होती, की मी पुढचा आकडा उच्चारायच्या आत आधीचा बसलेला असे. ते जुनं यंत्र मागे पडत होतं. ती हात थांबवून त्याची वाट बघायची. वर्षभर मी त्या पडद्यापुढे विस्मयाने बसलो होतो, आणि हे हात माझ्या पाठीमागे पदराला पुसले जात होते.

उणे चिन्हं बरीच कमी झाली, पण नोव्हेंबरपासून थोडी उरलीच. ती डावीकडच्या नावांवरून खाली खाली येत एका ठिकाणी थांबली. ते मूळ प्रोग्रॅममधलं नाव होतं. मी ते पुसलं नव्हतं.

"एज्युकेशन?" ती म्हणाली. "कुणाचं?"

मुलगी शाळेत जात नव्हती. "कॉम्प्युटरचा हप्ता," मी म्हणालो. "तेव्हा दुसरीकडे कुठे घालावं कळेना. मी शिकत होतो ना."

तिला हसू आलं. टोमणा मारणारं हसू असतं तर मला सोपं गेलं असतं. तिला खरंच गंमत वाटली होती.

"शून्य कर तिथे," मी म्हटलं.

"विचार करून सांगा. मी करीन हं."

"कर."

तिने केलं. आम्ही दोघं बघत राहिलो. नोव्हेंबरचं चिन्ह गेलं, मग डिसेंबरचं, मग सावकाश पुढचे महिने, थेट मार्चपर्यंत. त्या यंत्राने स्वतःच्या जाण्याचा हिशेब आमच्यापुढे मांडला आणि त्यात एक पैचीही लबाडी केली नाही. मग तिने त्याच रिकाम्या जागेत कॉलेजची फी घातली, आणि डिसेंबरात पुन्हा एक लहानसं उणे उगवलं.

"डिसेंबरचं डिसेंबरात बघू," असं म्हणून तिने बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून कल्याणला गेलो आणि नवा फॉर्म आणला. कॉम्प्युटर कारखान्यातल्या एकाने उरलेल्या हप्त्यांसकट उचलला.

त्या वर्षीचा हिशेब कुठेच लिहिलेला नाही. यंत्राने ज्या एका वर्षाचं भविष्य इतक्या बारकाईने सांगितलं, ते खरं ठरलं का हे आम्हाला कधीच कळलं नाही. डिसेंबरात काय झालं तेही आठवत नाही. जेवलो, एवढं नक्की. आठवतं ते टेबल. पडदा जिथे होता तिथे तिची पुस्तकं आणि तक्त्यांचे कागद असायचे. ती उद्याचा पाठ काढायची, मुलगी टेबलाखाली बसून उरलेल्या कागदांवर पाय असलेले गोळे काढायची, आणि मी समोर ताट घेऊन फरसबी चिरायचो, एकेक शेंग, माझ्या गतीने. ती मधूनच मान वर करून ताटात बघायची, किती झाली ते. मग माझी वाट न बघता पुढे लिहायला लागायची.