अजराने पुसलेल्या दहा ओळी

भोरच्या हाशिम टेलरची अजरा संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आणि वर्षभर पुण्याला अर्ज धाडून दमली. २००३ साल होतं ते. अनुभव आहे का, एवढंच जो तो विचारी. नोकरीच नाही तर अनुभव काय बाजारात मिळतो?

कॉम्प्युटर क्लासचे कुंडलिक सर म्हणाले, "सर्टिफिकेटं पुरे झाली. खरी आकडेवारी मिळव, तिच्यातून कुणाच्या तरी उपयोगाचं काढ आणि ते घेऊन मुलाखतीला जा."

भोरातल्या एका संस्थेची दवाखान्याची जीप वेल्ह्याकडच्या वाड्यांना फिरायची. अजराने त्यांच्या तीन वर्षांच्या वह्या मागून आणल्या आणि दोन महिने एक्सेलमध्ये गाव, तारीख, नाव भरत बसली. पोरगी चिकाटीची. शेवटच्या वाडीपुढे एकेका तारखेला सगुणाबाईचं नाव अकरा-अकरा वेळा होतं. लिहिणाऱ्याचा गोंधळ समजून तिने दर वेळी एक ओळ ठेवली, दहा पुसल्या. तक्ता देखणा झाला. तो पाहून, एका पेशंटसाठी एवढं डिझेल कशाला, म्हणत संस्थेच्या साहेबांनी त्या वाडीची फेरी बंद केली.

तोच तक्ता दाखवून अजराला पुण्यात नोकरी लागली. पेढे द्यायला ती संस्थेत गेली, तर पायरीवर एक म्हातारी बसलेली.

"आमची गाडी कवा येनार गं? सगुणाबाई आलीया म्हनून सांग सायबाला."

अजरा चपापली. "आजी, तुम्हाला एकटीलाच औषध लागतं ना?"

"येकटीला कशाला? गाडी खाली रस्त्यालाच थांबायची, बाकीच्यास्नी डोंगर उतरवत न्हाई. समद्यांची म्याच न्यायची." तिने पदर पुढे केला. विसरू नये म्हणून माणसागणिक एक गाठ मारलेली. "ही गेनबाच्या गुडघ्याची, ही सुलक्षणाच्या तापाची. आन ही आमच्या मालकांच्या दम्याची. गाडी यायची थांबली आन आखाडात गेले ते. गाठ काय सोडवत न्हाई."

गाठी अकरा होत्या. अजराला रडू आवरेना. आपल्या हातून काय झालं ते तिने तिथेच, पायरीवर बसून सांगितलं.

सगुणाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नगंस, लेकी. तुला काय ठावं? म्याच येकेकाचं नाव सांगाया पायजे व्हतं."